घर जळाल्यावर विमा कंपनी नेमकं काय मोजते?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात पॅलिसेड्स आणि ईटन या दोन वणव्यांनी १६ हजारांहून अधिक इमारती जाळल्या. ती दृश्यं जगभर पाहिली गेली. त्यानंतर सुरू झालेलं विम्याचं भांडण मात्र कॅमेऱ्यात पकडण्यासारखं नव्हतं. त्या भांडणात एक मोठा गट होता तो घर शाबूत राहिलेल्यांचा. भिंती उभ्या, छप्पर जागेवर, पण आत काजळी, राख आणि श्वास कोंडवणारा वास. कॅलिफोर्नियात ज्यांना कुठलीच कंपनी विमा देत नाही त्यांच्यासाठी 'फेअर प्लॅन' नावाची शेवटच्या आधाराची योजना आहे. धुरामुळे घरात कायमचा भौतिक बदल झाला असेल तरच पैसे, अशी अट तिने घातली होती. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवली.

आग लागली होती की नाही, यावर इथे कुणाचंच दुमत नव्हतं. वाद होता तो नुकसान कशाला म्हणायचं आणि ते कुठल्या मापाने मोजायचं, याचा. घराच्या आगीचे प्रामाणिक दावे सहसा इथेच अडकतात. म्हणून आधी ती मापं समजून घेऊ आणि कागदपत्रांकडे नंतर वळू.

विमा घराचा नसतो

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन पेटलं आणि सुमारे १३,२०० घरं जळाली. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षांनी निकोलस बार्बन नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने आगीचा विमा देणारी कचेरी उघडली. लाकडी घरांना विटांच्या घरांपेक्षा दुप्पट दर, म्हणजे जोखमीचं गणित तेव्हापासूनच चालू होतं. पण या धंद्याचं मूळ तत्त्व एका वेगळ्या खटल्यात स्पष्ट झालं.

प्रेस्टन नावाच्या घरमालकाने आपलं घर विकायचा करार केला होता. व्यवहार पूर्ण होण्याआधी आग लागली. कंपनीने ३३० पौंड दिले. पुढे खरेदीदाराने ठरलेली पूर्ण किंमत मोजली. कंपनी म्हणाली, आमचे पैसे परत द्या. १८८३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. घर जळलं हे खरं, पण मालकाला अखेरीस तोटा झालाच नाही, मग भरपाई कसली?

याला क्षतिपूर्तीचं तत्त्व म्हणतात: विम्याने माणूस आगीआधी जिथे होता तिथे परत यावा, त्याच्या पुढे जाऊ नये. विमा विटांचा नसून तुमच्या तोट्याचा असतो. हे एकदा लक्षात आलं की नुकसान पाहायला येणारा सर्व्हेअर विचारतो ते चमत्कारिक वाटणारे प्रश्न (सोफा कधी घेतला होता? छप्पर किती जुनं?) अपमानास्पद वाटेनासे होतात.

एकाच घराच्या तीन किमती

घराची किंमत किती, या प्रश्नाला विम्याच्या जगात निदान तीन उत्तरं आहेत. बाजारात विकलं तर मिळेल ती किंमत. तसंच घर आज नव्याने बांधायला लागेल तो खर्च. आणि त्या बांधकामखर्चातून वापराची झीज, म्हणजे घसारा, वजा करून उरेल ती रक्कम. तिन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब असू शकतात.

किती लांब, हे लेपर्ड नावाच्या गृहस्थांच्या खटल्यात दिसतं. त्यांच्या एका छोट्या घराचा विमा होता १४ हजार पौंडांचा. ते जळालं. पुन्हा बांधायचा खर्च सुमारे ८ हजार पौंड. पण आगीपूर्वी ते घर साडेचार हजारांना विकायला ते तयार होते आणि त्यातली दीड हजाराची जागा काही जळाली नव्हती. १९७९ मध्ये न्यायालयाने त्यांना ३ हजार पौंड दिले. विकायला काढलेल्या घराचा तोटा म्हणजे विक्रीची हुकलेली रक्कम, असा हिशोब.

चौदा हजारांच्या विम्याचा हप्ता भरून तीन हजार हाती, हे वाचून राग येतो. पण पॉलिसीवर छापलेली विमा रक्कम ही कमाल मर्यादा असते. तेवढे पैसे मिळतील असं वचन तिच्यात नसतं. ज्यांना कुणी हे पॉलिसी विकताना सांगितलं असेल ते भाग्यवान.

आजच्या पुष्कळशा घरविम्यांत मोजणीचं माप पॉलिसीतच लिहिलेलं असतं. 'नव्याने बांधण्याच्या खर्चा'वर आधारलेली पॉलिसी असेल तर घसारा कापला जात नाही. 'प्रत्यक्ष मूल्या'वर असेल तर कापला जातो. समजा नवं छप्पर घालायला १०० लागतात, छपराचं आयुष्य वीस वर्षं आणि तुमचं पंधरा वर्षं वापरलेलं. सरळ हिशोबाने दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीत हाती येतील २५. छप्पर मात्र १०० लाच पडेल.

पहिल्या प्रकारातही एक मेख आहे. अनेक पॉलिसींत आधी घसारा कापूनच पैसे मिळतात. उरलेली रक्कम काम पूर्ण करून, बिलं दाखवल्यावर. पुष्कळ जण पहिला धनादेश पाहून हाच शेवटचा असं समजतात आणि कापून ठेवलेला भाग मागायचाच राहून जातो. तो मागायला मुदत असते. ती पॉलिसीत शोधा आणि भिंतीवर लिहून ठेवा.

अर्धा विमा म्हणजे अर्धं नुकसान भरून मिळणार?

हा मुद्दा सगळ्यांत जास्त लोकांना फसवतो, त्यामुळे इथे जरा थांबू.

समजा घर नव्याने बांधायला १०० लागतात आणि तुम्ही विमा ५० चाच घेतला. स्वयंपाकघरात आग लागून २० चं नुकसान झालं. साधा तर्क म्हणतो, ५० पर्यंत विमा आहे, नुकसान त्याच्या आत आहे, तर २० मिळायला हवेत. पुष्कळ पॉलिसींत मिळतात १०.

यामागचा विचार भागीदारीतल्या दुकानासारखा आहे. निम्मं भांडवल घालणाऱ्याला तोट्याचाही निम्मा वाटा उचलावा लागतो. तुम्ही अर्ध्याच घराची जोखीम कंपनीकडे सोपवलीत, म्हणजे उरलेल्या अर्ध्याची विमा कंपनी तुम्ही स्वतःच. त्यामुळे होणाऱ्या प्रत्येक नुकसानीत दोघांचा वाटा निम्मा. याला सरासरीचं कलम म्हणतात.

सगळीकडे ते इतकं कडक नसतं. अमेरिकेत सर्रास विकल्या जाणाऱ्या एचओ-३ या घरविम्याच्या साच्यात विमा पुनर्बांधणी खर्चाच्या ८० टक्के असला तरी पुरतो. त्याखाली गेलात की कात्री लागते. भारतात १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना जी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी ठेवावीच लागते, तिच्यात कमी विम्याची ही कात्री काढूनच टाकली आहे. अर्थात विमा रकमेपेक्षा जास्त पैसे तिथेही मिळत नाहीत. तुमच्या कागदावर कुठला नियम आहे ते पाहणं एवढंच हाती आहे.

लोक विमा कमी का घेतात? कंजूषपणा हे कारण फार थोड्यांचं असतं. कुणी कर्जाची शिल्लक हाच आकडा टाकतो, कुणी दहा वर्षांपूर्वीचा आकडा तसाच ठेवतो. आणि मोठ्या वणव्यानंतर एकाच भागात हजारो घरं एकदम बांधायला निघतात, तेव्हा गवंडी, सुतार, सिमेंट सगळंच महागतं. शिवाय जुनं घर नव्या बांधकाम नियमांनुसार उभारावं लागतं. तो वाढीव खर्च पॉलिसीत वेगळा धरलेला नसेल तर खिशातून जातो. राडारोडा हटवण्याचंही तसंच.

आग विझल्यावरचे पहिले दिवस

अग्निशमन दलाने परवानगी दिल्याशिवाय आत जाऊ नका, वीज चालू करू नका. हे सगळे सांगतात. त्यापुढचं कमी सांगितलं जातं.

कंपनीला लगेच कळवा आणि क्लेमचा क्रमांक लिहून घ्या. मग घर झाका: फुटलेल्या खिडक्यांना फळ्या, उघड्या छपरावर ताडपत्री. नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाची जबाबदारी असते. आगीनंतरच्या पावसाने भिजलेल्या सामानाचे पैसे 'तुम्ही झाकलं का नाही' या प्रश्नावर अडू शकतात. फळ्या-ताडपत्रीचा वाजवी खर्च सहसा क्लेममध्ये धरला जातो, म्हणून पावत्या जपा.

पण साफसफाईच्या उत्साहात काही फेकू नका. आधी फोटो, मग सर्व्हेअरची पाहणी, मग विल्हेवाट. विशेषतः ज्या उपकरणातून आग सुरू झाल्याचा संशय आहे ते अजिबात हलवू नका. भरपाई दिल्यावर कंपनीला तुमच्या जागी उभं राहून दोषी उत्पादकाकडून ते पैसे वसूल करता येतात. पुरावाच कचऱ्यात गेला तर ती वाट बंद होते आणि तुमच्या क्लेमवर नको ते प्रश्न उभे राहतात. त्याच कारणासाठी शेजाऱ्याला किंवा उत्पादकाला 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून देऊ नका.

बंबाच्या पाण्याने भिजलेल्या गाद्या, धुराने काळवंडलेले कपडे, दार फोडून आत शिरताना मोडलेली चौकट हे सगळं आगीचंच नुकसान. ज्वाळा त्या खोलीत पोचल्याच नव्हत्या, या कारणावर ते नाकारता येत नाही. काजळीच्या बाबतीत मात्र वेळ महत्त्वाचा. पीव्हीसीसारखं प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो आणि धातूचे भाग, विजेच्या जोडण्या, इलेक्ट्रॉनिक उपकरणं कुरतडत राहतो. चांगला दिसणारा टीव्ही काही आठवड्यांनी बंद पडतो तो असा. कोरड्या फडक्याने पुसलेली काजळी आणखी आत घुसते. हे काम जाणकारांकडून करून घ्या आणि त्यांच्याकडून लेखी अहवाल मागा. सुरुवातीला सांगितलेल्या धुराच्या वादासारखा प्रसंग आला तर सामान्य डोळ्यांना न दिसणारं नुकसान कागदावर आणणारा तोच एक पुरावा असतो.

यादी

घरातल्या सामानाच्या भरपाईसाठी यादी द्यावी लागते: वस्तू, कधी घेतली, कितीला घेतली, आज तशीच घ्यायला किती लागतील. सगळं गमावलेल्या माणसाला शांत बसून आपले चमचे मोजायला सांगणं क्रूर आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानेही हे एका परीने मान्य केलं. तिथे आणीबाणी जाहीर झालेल्या आपत्तीत राहतं घर पूर्ण नष्ट झालं तर यादी न मागता इमारतीच्या विमा रकमेच्या किमान ३० टक्के, कमाल अडीच लाख डॉलरपर्यंत, सामानापोटी देऊ करावेत अशी तरतूद २०२० मध्ये करण्यात आली. बहुतेक ठिकाणी ही सोय नाही, तेव्हा यादी चांगलीच करावी लागते.

आठवून करायला बसलात तर मोठ्या वस्तू आठवतात: फ्रिज, कपाट, पलंग. पैसे गळतात ते लहान वस्तूंत. त्यामुळे वस्तू आठवू नका, खोल्या आठवा. दारातून आत या, डावीकडून भिंतीच्या कडेने चालत जा, प्रत्येक खण उघडा. पडदे, पडद्यांच्या सळ्या, बल्ब, चार्जर, औषधांचा डबा, इस्त्री, मुलांच्या शाळेच्या वस्तू. मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तेच करायला सांगा. दोन याद्या कधीच सारख्या निघत नाहीत.

पुरावा म्हणून पावती नसली तरी हातपाय गाळू नका. नातेवाइकांच्या फोनमध्ये तुमच्या घरातले वाढदिवसाचे फोटो असतात. त्या फोटोंत पाहायचं ते माणसांच्या मागे. ऑनलाइन खरेदीचा इतिहास, बँकेची विवरणपत्रं, दुरुस्तीवाल्याचे मेसेज, वॉरंटीची नोंदणी हे सगळं चालतं. एकदा पाठवलेल्या यादीत नंतर भर घालता येईल का, हे लेखी विचारून ठेवा. वस्तू महिनोन्‌महिने आठवत राहतात.

काही वस्तूंना वेगळ्या मर्यादा असतात. मघाच्या एचओ-३ साच्यात रोख रकमेला फक्त २०० डॉलर मिळतात, मग कपाटात कितीही जळालेली असो. दागिन्यांची तिथली छोटी मर्यादा चोरीपुरती आहे, आगीला लागू नाही. असे बारकावे कुणी आपणहून सांगत नाही. पॉलिसीची संपूर्ण प्रत मागून घ्या, कारण पहिल्या पानावरचा गोषवारा यासाठी पुरत नाही.

सर्व्हेअर कुणाच्या बाजूचा?

नुकसान पाहून अहवाल देणाऱ्याला कुठे सर्व्हेअर म्हणतात, कुठे अ‍ॅडजस्टर. बहुतेकदा त्याची नेमणूक आणि मानधन कंपनीकडून असतं. भारतात त्याला परवाना लागतो आणि तटस्थ राहणं त्याचं कर्तव्य आहे. त्याला शत्रू समजून काही मिळत नाही. पण तो तुमचा वकीलही नव्हे. पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहा, शक्य तर तुमचा बांधकामतज्ज्ञ सोबत ठेवा, आणि जे बोलणं झालं ते त्याच दिवशी ईमेलने लिहून कळवा.

काही देशांत विमाधारकाच्या बाजूने काम करणारे तज्ज्ञही मिळतात. ते सहसा मिळालेल्या रकमेतला काही टक्के हिस्सा घेतात. माझं मत असं: घर पूर्ण नष्ट झालं असेल आणि विमा रक्कम उघडच अपुरी असेल, तर कंपनी तसंही कमाल मर्यादेपर्यंत जाणार. तिथे हिस्सा देण्यात फारसा अर्थ नाही. अर्धवट जळालेलं घर, धूर, ओल, लपलेलं नुकसान अशा ठिकाणी मात्र ते आपली फी वसूल करून देऊ शकतात. आगीच्या दुसऱ्याच दिवशी दारात येऊन सही मागणाऱ्याला नाही म्हणा.

पण आग माझ्याच चुकीने लागली होती

गॅस चालू राहिला, इस्त्री विसरली, मेणबत्ती पडली. अपराधी भावनेने अनेक जण क्लेमच करत नाहीत. विमा मुळात निष्काळजीपणासाठीही असतो. १९४१ च्या एका इंग्रजी खटल्यात एका बाईने चोरांच्या भीतीने दागिने शेकोटीत कोळशाखाली लपवले होते. नंतर विसरून तिने शेकोटी पेटवली. विमा देणारे म्हणाले, आग तर जिथे असायला हवी तिथेच होती. न्यायालयाने तरीही हे आगीचं नुकसान मानलं आणि भरपाई द्यायला लावली. विमाधारकाने स्वतः जाणूनबुजून लावलेली आग मात्र कुठेच चालत नाही.

अडचण येते ती वेगळ्या चुकांनी. घर बरेच दिवस रिकामं होतं आणि कळवलं नाही, घरातच कारखाना चालू केला, अर्जात चुकीची माहिती भरली. ब्रिटनच्या २०१२ च्या कायद्यानुसार ग्राहकाने नकळत हलगर्जीपणे चुकीचं सांगितलं असेल तर कंपनी सगळा क्लेम सहसा फेटाळू शकत नाही, भरलेल्या कमी हप्त्याच्या प्रमाणात रक्कम कापू शकते. इतरत्र नियम याहून कडक असू शकतात.

कंपनी कापणारच, मग थोडं वाढवून सांगितलं तर?

हा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक ओळखीच्या गोतावळ्यात असतात. त्यांचं ऐकू नका. ब्रिटनच्या २०१५ च्या विमा कायद्यात स्पष्ट आहे की फसवा दावा असेल तर कंपनीवर तो देण्याचं बंधन उरत नाही, आणि असे नियम इतरही अनेक देशांत आहेत. नसलेला एक टीव्ही यादीत घुसवला तर खरोखर जळालेलं सगळंही त्यासोबत बुडू शकतं. अंदाज असेल तिथे 'अंदाजे' असं लिहा. प्रामाणिक चूक आणि बनवाबनवी यांत कायदा फरक करतो.

पहिला देकार कमी वाटला तर

कमी वाटणं पुरेसं नाही. फरक कुठून आला ते काढा. कंपनीकडून आकडेमोडीची प्रत मागा: घसारा किती टक्के धरला, कुठल्या खोलीचं किती क्षेत्रफळ, मजुरीचा दर काय, आणि सुरुवातीचा ठरावीक तोटा (डिडक्टिबल), जो प्रत्येक विमाधारकाने स्वतः सोसायचा असतो, तो किती वजा केला. पुष्कळदा चूक अगदी साधी निघते, एखादी खोली मोजायचीच राहिलेली असते. तुमच्या कंत्राटदाराचा तपशीलवार अंदाज त्या आकडेमोडीशेजारी ठेवून ओळीगणिक उत्तर द्या.

ज्या रकमेवर वाद नाही ती आधी मागा, ती घेतल्याने उरलेल्यावरचा हक्क जात नाही. फक्त 'पूर्ण व अंतिम' असं लिहिलेल्या कागदावर घाईत सही करू नका. घरावर कर्ज असेल तर बँकेचंही नाव पॉलिसीत असतं आणि इमारतीचे पैसे तिच्या संमतीशिवाय हातात पडत नाहीत. बँकेला पहिल्याच आठवड्यात कळवा, कारण घर उभं नसलं तरी हप्ते चालूच राहतात. तात्पुरत्या घराचं भाडं देणारं कलम असेल तर तेही समजून घ्या. अनेक पॉलिसींत त्यातून आगीमुळे वाढलेला जादाचा खर्चच मिळतो, एरवीही झाला असता तो मिळत नाही.

लेखी तक्रारीनेही काही हललं नाही तर कंपनीबाहेरची दारं आहेत: भारतात विमा लोकपाल, ब्रिटनमध्ये वित्तीय लोकपाल सेवा, अमेरिकेत त्या त्या राज्याचा विमा विभाग. त्यानंतर न्यायालय. प्रत्येकाची मुदत वेगळी असते, आणि ती कुठल्या दिवसापासून मोजायची हे नीट वाचा. एचओ-३ साच्यात न्यायालयात जायला दोन वर्षं असतात आणि ती नकाराच्या पत्रापासून सुरू होत नाहीत, नुकसान झालं त्या दिवसापासून सुरू होतात. कंपनीशी पत्रव्यवहार गोडीगुलाबीने चालू असतानाही ते दिवस मोजले जात असतात.